सड्यावरचा सरडा आणि आपली वीज

एप्रिलच्या टळटळीत उन्हात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, उभं राहिलं की कुणालाही वाटावं, इथे काही नाही. गवत वाळून कोळ झालेलं, जांभा पाय ठेववत नाही इतका तापलेला, पाण्याचा टिपूस नाही. डोक्यावर पवनचक्कीची पाती फिरत असतात आणि दर फेऱ्याला कापड फाडल्यासारखा आवाज येतो. मग एका दगडावर काहीतरी हलतं. वीतभर सरडा. पुढच्या पायांवर अंग उचलतो, मान ताणतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. दोन-तीनदा उघडमीट झाली की पुन्हा तो दगडावरचा दगड. हा त्याचा विणीचा हंगाम. मादीने बघावं आणि शेजारच्या नराने समजून असावं, म्हणून भर उन्हात ही सगळी खटपट. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्याला स्वतंत्र ओळख दिली आणि नाव ठेवलं 'सराडा सुपर्बा'. आपला मराठी सरडा थेट शास्त्रीय नावात जाऊन बसला.

या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात तिसा, कापशी यांसारखे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी निघाले. पक्षी कमी म्हणून सरडे जास्त. सरडे नुसते वाढले नव्हते, त्यांची भीतीच कमी झाली होती. माणूस पार जवळ गेला तरी ते लवकर पळत नव्हते, ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे पक्ष्याची जागा पवनचक्कीने घेतली आणि त्याचा परिणाम सरड्याच्या रक्तापर्यंत पोचला. पात्यांखाली पडलेले मेलेले पक्षी मोजून हे कधीच कळलं नसतं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पवनचक्क्या नकोतच. मला तसं म्हणायचं नाही, आणि ते इथेच स्पष्ट करतो. पक्ष्यांचा आणि सरड्यांचा कैवार घेऊन कोळशाची वकिली करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी चंद्रपुरात जाऊन राहावं. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, भोवती खाणी, आणि ताडोब्याचं जंगल हाकेच्या अंतरावर. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राचा राखेचा बंधारा २०२२ च्या जुलैत फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, ओढ्यांत शिरला. ही रोजची किंमत झाली. तापणाऱ्या हवेची किंमत वेगळी, आणि ती सड्यालाही चुकणार नाही. पाऊस पंधरा दिवस पुढे-मागे झाला की सड्यावरचा सगळा फुलोरा कोलमडतो. देशाची निम्मी स्थापित वीजक्षमता आता बिगर-कोळसा, बिगर-तेल स्रोतांची झाली, हा टप्पा २०२५ साली आपण गाठला. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसाच अजून थोरला भाऊ आहे. त्याला हटवायचं तर सूर्य आणि वारा लागणार, आणि पुष्कळ लागणार. माझा वाद ते कुठे बसवायचे याचा आहे.

मी सातारा जिल्ह्यातला. आमचा पाटण तालुका म्हणजे या प्रश्नाचं भिंतीवर टांगलेलं चित्रच आहे. एका बाजूला कोयना. जलविजेला आमच्या शाळेच्या पुस्तकात 'पांढरा कोळसा' म्हणत, कारण धूर नाही, राख नाही. आणि खरंच, कोयना नसती तर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले नसते. १,९६० मेगावॅट. संध्याकाळी मागणी वर गेली की काही मिनिटांत यंत्रं सुरू करता येतात, हे कोळशाला जमत नाही. पण कोयनेच्या जलाशयाच्या, त्या शिवसागराच्या, तळाशी गावं आहेत. तिथून उठलेली कुटुंबं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली आणि त्यांची नातवंडं जमिनीच्या हक्कासाठी आजही मोर्चे काढतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, या चर्चेत जगभर आजही कोयनेचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही: वीज करायची म्हणून कोयनेचं पाणी पूर्वेला कृष्णेकडे न जाता पश्चिमेला वळवलं जातं. कड्यावरून खाली पोफळी, अलोरे, मग वाशिष्ठीतून समुद्रात. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटाव टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढत होतं, तेव्हाही हे पाणी समुद्राला जात होतं.

याच्याही आधी मुळशी. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, 'जान किंवा जमीन' म्हणाले आणि हरले. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. धूर न सोडणारी वीजसुद्धा कुणाच्या तरी घरावर पाणी सोडून येते, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. मग आज सौरपटल आणि पवनचक्क्यांच्या बाबतीत आपण एवढे भाबडे का होतो?

याचं उत्तर मला सातबाऱ्यावर सापडतं. 'पडीक'. 'पोटखराबा'. इंग्रजांनी जमिनीची मोजणी केली ती सारा किती मिळेल हे ठरवण्यासाठी. ज्यातून सारा मिळत नाही ती जमीन त्यांच्या दृष्टीने निकामी होती. राज्य बदललं, वहीतला रकाना तोच राहिला. कुठलाही मोठा प्रकल्प आला की अधिकारी तोंडभरून सांगतात, 'सुपीक जमिनीला हात लावणार नाही, फक्त पडीक जमीन घेणार.' ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. पण पडीक म्हणजे काय? कासचा सडा, जिथे लोक तिकीट काढून फुलं बघायला जातात, तोही शेतीच्या हिशेबाने पडीकच. सोलापूर, पुणे, नगरकडची माळरानं पडीक. तिथे लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, धाविक आहे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेल्या धनगराचा वाडा पडतो तो याच माळावर. त्याची मेंढरं खातात ते गवत कुणी पेरलेलं नसतं, आणि ते गवत नसेल तर त्याच्या हातात दुसरं काहीच नाही. गवताच्या मुळांनी जमिनीत कार्बन धरून ठेवलेला असतो, हा मुद्दा मी शेवटी मांडतो, कारण हल्ली सगळं कार्बनमध्ये मोजल्याशिवाय कुणी ऐकत नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. या पक्ष्याचं उरलंसुरलं घर म्हणजे राजस्थानातलं जैसलमेर, आणि तिथेच सौर आणि पवन प्रकल्पांची सर्वांत मोठी गर्दी झाली. माळढोक जड पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे बाजूला असल्याने त्याला समोरची तार वेळेत दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं अंग झटकन वळवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या असा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तो आदेश सैल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असंही म्हटलं. एका कागदावर पक्षी आणि हवामान असे समोरासमोर उभे ठाकले. मला त्या न्यायाधीशांची अडचण कळते. पण न्यायालयात पोचेपर्यंत खांब उभे राहिलेले असतात, तारा ओढलेल्या असतात, कर्जं काढलेली असतात. हा प्रश्न जागा निवडण्याच्या वेळी विचारायचा होता. तो विचारला गेला नाही, कारण विचारायची सक्तीच नव्हती. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून सौर आणि पवन प्रकल्प बाहेर आहेत. ना अहवाल, ना जनसुनावणी. धूर नाही म्हणजे आघात नाही, असं गृहीत धरलं गेलं. तेच गृहीतक पांढऱ्या कोळशाच्या वेळी होतं.

आता दुसरी बाजू. खटावात आमचे नाना आहेत, माझे धाकटे चुलते. शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात नाना साडेअकराला उठून बसतात. बॅटरी, काठी, डोक्याला मफलर. लाइट आली की मोटर चालू करायची आणि दारं धरायला उसात शिरायचं. थंडीत पाणी पायाला कापतं. मागच्या हिवाळ्यात वाफ्याच्या वरंब्यावर त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर घोणस होती. बॅटरीचा झोत नेमका तिथे पडला म्हणून नाना आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, सौर प्रकल्प जोडला गेला आणि लाइट दिवसा आली. मी गेलो तेव्हा म्हणाले, "आरं, पाय कुठं पडतोय त्ये दिसतंय. आजून काय पायजे?" सौर ऊर्जेच्या बाजूने मी कितीही आकडे मांडले तरी या वाक्याएवढे ते पटवून देणार नाहीत.

म्हणूनच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला मनापासून पटते. वीज उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे प्रकल्प उभारायचे, त्याच परिसरातल्या पंपांना दिवसा वीज द्यायची. लांब पल्ल्याच्या तारा नकोत, वाटेतली गळती नको. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. जमीन मालकाच्या नावावरच राहते. आपल्याकडे वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून धुळे जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष घेतलं होतं. त्या पार्श्वभूमीवर भाडेपट्टा ही मोठी सुधारणा आहे.

पण योजना सोळा हजार मेगावॅटची आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर धरले तरी चौसष्ट ते ऐंशी हजार एकर लागतात. खासगी जमीन मिळवायची तर दहा खातेदार, वारस, भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या. मग नजर जाते गायरानावर. सरकारी जमीन, एक सही, काम सुरू. आणि गायरान रिकामं कधीच नसतं. गावातल्या ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांची शेरडं तिथे चरतात. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून दलित कुटुंबं गायरानाचे तुकडे कसून पोट भरत आली आहेत आणि नावावर करून मागत आली आहेत. त्यांना बाजूला सारून तारेचं कुंपण घातलं तर नानांना दिवसा लाइट मिळेल, पण त्याची किंमत गावातल्या सर्वांत गरीब घराने मोजलेली असेल. बागायतदाराच्या सोयीसाठी शेळीवालीचं रान गेलं, असा त्याचा सरळ अर्थ. नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पाण्यावरचे तरंगते सौरपटलही याच मोजपट्टीने बघावे लागतात. जमीन वाचते, बाष्पीभवन कमी होतं, दोन्ही खरं. पण जायकवाडीच्या नाथसागरावर तसा प्रस्ताव आला तेव्हा मासेमारीवर जगणारा कहार समाज न्यायालयापर्यंत गेला, कारण ते पाणी त्यांचं शेत आहे. तिथे पक्षी अभयारण्यही आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. कालव्यावर पटल टाकायला मात्र माझी काही हरकत नाही. गुजरातेत २०१२ सालीच ते करून दाखवलं आहे आणि कालव्यात कुणी जाळं टाकत नाही.

अणुऊर्जेबद्दल थोडक्यात. जैतापूरला सुमारे दहा हजार मेगावॅटचं अणुवीज केंद्र प्रस्तावित आहे. जागा तुलनेने कमी लागते, कार्बन नाही, रात्रंदिवस वीज, हे मी नाकारत नाही. पण शेजारच्या साखरी नाट्याचा मच्छीमार विचारतो की थंडाव्यासाठी घेतलेलं पाणी गरम होऊन समुद्रात सोडल्यावर मासळी कुठे जाईल, तेव्हा त्याला बंदोबस्त दिसतो, उत्तर मिळत नाही. २०११ मध्ये तिथे गोळीबारात एक तरुण मेला. एका पिढीत पूर्ण होईल की नाही याची खात्री नसलेल्या प्रकल्पावर आजची भिस्त ठेवता येत नाही, एवढंच मी म्हणेन.

खरा अवघड प्रश्न संध्याकाळचा आहे. सूर्य मावळतो आणि घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम सुरू होतात. त्यासाठी आता उदंचन प्रकल्पांची रांग लागली आहे. खाली एक जलाशय, वर एक. दिवसा जादा सौर विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. आमच्या तारळीवर १,५०० मेगावॅटचा प्रस्तावित आहे. वरचा जलाशय करायला सपाट उंच जागा लागते. सह्याद्रीत सपाट उंच जागा म्हणजे सडा. पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच शब्द. शिवाय पाणी वर चढवायला जितकी वीज लागते तिच्यातला पाचवा-चौथा हिस्सा वाटेतच जातो. तरीही ही युक्ती वाईट नाही. जिथे दोन्ही जलाशय आधीच आहेत, किंवा जिथे डोंगर आधीच खाणींनी पोखरला आहे, तिथे ती अवश्य करावी. पण शेतीपंपांचा सगळा भार दिवसावर आणला तर साठवणुकीची गरजच बरीच कमी होते, हे लक्षात घेतल्याशिवाय घाटमाथ्यावर सुरुंग लावू नयेत. उपकेंद्राच्या आवारात बॅटऱ्या ठेवता येतात. त्यांच्या लिथियमसाठी कुठेतरी दूर खाण खोदली जाते, ते पापही माझ्या हिशेबात आहे. तरी बॅटरी तिचं आयुष्य संपल्यावर उचलून नेऊन तिच्यातला धातू परत काढता येतो. सडा फोडला की त्याची हातभर माती परत आणता येत नाही, ती जमायला किती काळ लागला असेल याचा अंदाजही करवत नाही.

छपरांपासून सुरुवात करा, असं म्हटलं की 'छपरावरची वीज महाग पडते' हे उत्तर ठरलेलं. मोठ्या मैदानी प्रकल्पाची वीज युनिटमागे स्वस्त पडते, हे खरं आहे. पण त्या स्वस्त दरात गेलेलं चराऊ रान धरलेलं नाही, धनगराने बदललेली वाट धरलेली नाही, शंभर किलोमीटरच्या तारांत गळालेली वीज पूर्णपणे धरलेली नाही. आमच्याच तालुक्यात मान्याचीवाडी आहे. शंभरएक घरांची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. सगळ्या वाडीच्या विजेसाठी एक गुंठाही माळ लागला नाही. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गच्च्या, पिंपरी-चिंचवडच्या, वाळूजच्या, बुटीबोरीच्या कारखान्यांचे पत्रे, बाजार समित्यांच्या शेड, एसटी स्टँड, साखर कारखान्यांची गोदामं. वीज वापरणारा शहरातला माणूस स्वतःच्या डोक्यावरची जागा न देता सड्याकडे बोट दाखवतो, तेव्हा मला मुळशी आठवते. चंद्रपूर, वणीकडे खाणींनी उकरून टाकलेल्या मातीचे डोंगर आणि कोळसा संपलेली रानं आहेत. तिथे पटल घाला. ती जमीन आपण आधीच वापरून टाकली आहे.

आणि तरीही माळ किंवा सडा लागलाच, कारण काही ठिकाणी लागेल हे मला कळतं, तर त्याची पाहणी एप्रिलच्या एका दुपारी गाडीतून उतरून करू नये. एकदा सप्टेंबरात जावं, सड्यावर डबकी भरलेली आणि फुलं आलेली असताना. एकदा दिवाळीनंतर जावं, वाडे पडलेले असताना. आणि एकदा कडक उन्हाळ्यात, सरडा दगडावर येतो तेव्हा. बरोबर तलाठी असतो तसा गावचा गुराखी असावा, मेंढपाळ असावा. कुठल्या ओहोळाचं पाणी खाली कुठल्या विहिरीला जातं, घुबड कुठल्या कपारीत बसतं, चैतात गुरं कुठे नेतात, हे त्यांनी सांगावं आणि मोजणीच्या नकाशावर लिहिलं जावं. तो नकाशा जमीन देण्याघेण्याची सही होण्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. शेळ्या राखणारी बाईसुद्धा तिथे बसलेली असावी, आणि ती नाही म्हणाली तर तिचं नाही इतिवृत्तात लिहावं.